एड्सच्या इतिहासातली गे माणसं कुठे आहेत?

संपादक महोदय,

एड्सवर काही छापून आलं की त्यात डॉक्टर असतात, औषधं असतात, सरकार असतं, पण ज्यांनी सुरुवातीला हे काम अंगावर घेतलं ती गे माणसं कुठंच नसतात, याचं खरंच वाईट वाटतं. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या आजाराचा पहिला रिपोर्ट आला आणि पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये लेखक लॅरी क्रेमर आणि दोस्तांनी 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' ही मदत संस्था सुरू केली, हेल्पलाइन म्हणजे त्यांच्यातल्याच रॉजर मॅकफार्लेनच्या घरचा फोन, आणि पहिल्याच रात्री शंभरेक कॉल! व्हायरससुद्धा तेव्हा सापडला नव्हता (तो १९८३ मध्ये, टेस्ट तर १९८५ ला). तरी हे लोक पत्रकं वाटत होते, एकट्या पडलेल्या पेशंटकडे सोबतीला 'बडी' पाठवत होते. लंडनमध्ये टेरेन्स हिगिन्स १९८२ ला एड्सने वारला, त्याच्या पार्टनरने आणि मित्रांनी त्याच्या नावाने ट्रस्ट काढला, तो अजून चालू आहे.

१९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला तर पेशंटच उभे राहिले, आम्हाला बळी म्हणू नका, आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

बारमध्ये आपल्यातलाच कुणी कंडोमबद्दल बोलला तर माणूस ऐकतो, लेक्चर दिलं की उठून जातो. आता प्रेपच्या (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या) गोळ्या आहेत, घरी करायची टेस्ट आहे, पण ते लोकांपर्यंत पोचवायला हीच माणसं लागतात. तुमच्या पुरवणीत त्यांच्यावर एक पान द्याच.

एक वाचक