आई, तू ‘डिसर्निंग’ आहेस

लीड्स, १५ मार्च

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तू मेथी निवडत होतीस आणि ‘नंतर बोल’ म्हणालीस. म्हणून पत्र.

ऑफिसात माझी फजिती झाली. माझ्या शेजारी बसणारी बाई कुठलंही काम तीनदा तपासल्याशिवाय पुढे सोडत नाही. तिचं कौतुक करायला म्हणून मेलमध्ये लिहिलं, ही फार ‘पिकी’ आहे. मनात होतं चोखंदळ. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, अगं, ‘पिकी’ म्हणजे नाकं मुरडणारी. पानात भाजी टाकणाऱ्या पोराला म्हणतात. तुला ‘डिसर्निंग’ म्हणायचं होतं.

‘चूझी’ही त्याच वळणाचा, जरा सौम्य. ‘सिलेक्टिव्ह’ला राग ना लोभ, पण ‘सिलेक्टिव्ह मेमरी’ म्हटलं की टोमणा. (बाबांना लग्नाचा वाढदिवस सोडून सगळं आठवतं, ती.) ‘डिसर्निंग’ मात्र निव्वळ दाद. गिऱ्हाइकाला द्यावी, वाचकाला द्यावी. स्वतःलाच दिली की शेखी. आपण चोखंदळ एवढा एकच शब्द वापरतो, बाकीचं आवाजावरून कळतं. आत्या तुला चोखंदळ म्हणते तेव्हा तुला बरोबर कळतंच की.

रात्री शब्दकोश उघडला. ‘डिसर्निंग’च्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, अर्थ चाळणं, वेगळं करणं. मला आपला पंचवटीतला ओटा दिसला. तू सुपात तांदूळ पाखडलेस की कोंडा उडायचा, मग घोळून खडे एका कडेला. आणि मामांची दिंडोरीची बाग! विरळणीच्या वेळी मांडवाखाली बायका कात्रीनं घडातले हिरवे मणी काढायच्या आणि मी रडायचे, चांगले मणी का पाडताय म्हणून. मामी म्हणायची, हे राहिले तर कुणीच फुगणार नाही.

परवा इथल्या दुकानात भारतातली द्राक्षं दिसली. डबा उलटा करून देठ हिरवे आहेत का ते पाहिलं, मग दुसरा, मग तिसरा. मागची बाई पुटपुटली. ‘पिकी’च म्हणाली असणार.

मामा मे महिन्यात येतोय, त्याच्याबरोबर छोटं सूप पाठव. इथल्या तांदळात खडे नसतात, तरी पाठव.

तुझी,
ताई