टेलिफोनवाल्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही पावसापाण्याचा विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाशिकची आत्या आता रोज संध्याकाळी बाबांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग ऐकते. जुन्या कॅसेटींवरून उतरवून माझ्या घरातल्या रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) या छोट्या संगणकावर ठेवलेली, जेलीफिन या गाणी-व्हिडिओ ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट लावलेली. बाहेरून ८०९६ या पोर्टवर, म्हणजे जेलीफिनच्या दारावर, आलेलं पायकडे पाठवायचा नियम (फॉरवर्डिंग) राउटरमध्ये लिहिलेला होता, तरी बाहेरून काही केल्या उघडत नव्हतं. पोर्ट तपासणारी साइट ‘क्लोज्ड’ म्हणायची आणि कस्टमर केअरचं एकच पालुपद: राउटर बंद करून चालू करा.

तुम्ही आलात आणि राउटरला हातही लावला नाहीत. “फॉल्ट कुठे नाही ते आधी ठरवू,” म्हणालात. उभी हयात टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाचं ते बोलणं मला तेव्हा अर्धवटच कळलं.

पहिली गोम लगेच सापडली. नियमात पायचा पत्ता १९२.१६८.१.५० होता आणि राउटरच्या यादीत पाय बसला होता ५७ वर. वीज गेली, परत आली, तेव्हा डीएचसीपीने, म्हणजे राउटरच्या आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीने, त्याला नवा पत्ता दिला असणार. बाहेरून आलेलं सगळं कोणीच नसलेल्या पत्त्यावर जात होतं. तुम्ही मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा स्वतःचा क्रमांक, पाहून ५० हा आकडा पायच्या नावे कायमचा राखून ठेवलात. मला वाटलं, झालं काम. झालं नव्हतं.

मग तुम्ही माझ्या फोनचं वायफाय बंद करायला लावलंत. घरातूनच घराचा बाहेरचा पत्ता मागितला तर बरेच राउटर पॅकेट (डेटाचा तुकडा) वळवून आत घेत नाहीत, त्यामुळे घरात बसून केलेल्या चाचणीचा काही भरवसा नाही, हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. मोबाइल डेटावरून प्रयत्न करायचा आणि त्याच वेळी पायवर टीसीपीडंप हा येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून बघायचं. पडद्यावर एक ओळ उमटेना. माझा चेहरा पडला, तुमचा मात्र खुलला! “पॅकेट इथवर येतच नाही. म्हणजे पाय सुटला, जेलीफिन सुटलं. आता पुढे बघू.”

पुढे म्हणजे राउटरचं स्टेटस पान. वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १०० ने सुरू होणारा, त्यापुढे ७२. बाहेरच्या साइटवर दिसणारा आमचा पत्ता वेगळाच. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, “सीजीनॅट.” म्हणजे कंपनीने अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देणं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्तेच जेमतेम ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झालेले. म्हणून कंपनी एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक घरं बसवते. तुम्ही सांगितलंत तसं, पत्रावर फक्त सोसायटीचं नाव असेल तर वॉचमन ते कोणाच्या घरी देणार? आमच्या राउटरमधला नियम आता बरोबर होता, पण त्याच्या आधीची पेटी कंपनीची, आणि तिच्यात आम्हाला काही लिहिता येत नाही. जोडणी देतानाच हे ग्राहकाला सांगायला काय हरकत असते, देव जाणे.

तुम्ही मला एक वाक्य कागदावर लिहून दिलंत: “माझा वॅन आयपी १०० ने सुरू होतो, मी सीजीनॅटमागे आहे, मला स्टॅटिक पब्लिक आयपी हवा.” ते जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि फोन पहिल्यांदाच तांत्रिक विभागाकडे गेला. दरमहा थोडे जास्त पैसे, पण आमचा स्वतःचा, न बदलणारा पत्ता मिळाला.

आणि नेमकं तेव्हा तुम्ही मला ८०९६ उघडू दिलं नाहीत. यासाठी जास्त आभार. “उघडं दिसलं की जगभरातून कोणी ना कोणी ठोठावतंच. यूपीएनपीही बंद कर.” (यूपीएनपी म्हणजे घरातल्या यंत्रांनी राउटरला सांगून आपोआप पोर्ट उघडायची सोय.) त्याऐवजी पायवर वायरगार्ड, म्हणजे किल्ली असलेल्यांसाठीचा खासगी बोगदा (व्हीपीएन), बसवलंत आणि बाहेरून फक्त ५१८२० हा यूडीपी पोर्ट आत घेतलात. आत्याच्या फोनला क्यूआर कोड स्कॅन करायला लावला, बस्स. गंमत म्हणजे ती साइट अजूनही ‘क्लोज्ड’च म्हणते, कारण ती टीसीपी ही पॅकेट पाठवण्याची दुसरी पद्धत तपासते, यूडीपी नाही, आणि वायरगार्ड तर ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला उत्तरच देत नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी त्या एका शब्दापायी सगळं पुन्हा मोडलं असतं.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचं बोलणं तेवढं राहिलं. तिथे नॅट, म्हणजे एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणं, नसल्याने फॉरवर्डिंगच लागत नाही, फायरवॉलमध्ये परवानगी दिली की झालं, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. मग स्टॅटिक आयपीचे पैसेही वाचतील का? आत्याच्या फोनला आयपीव्ही६ मिळतं का तेवढं मी विचारून ठेवतो. रविवारी चारच्या सुमारास वर येतो. तुमची क्रिंपिंगची पक्कड माझ्याकडेच राहिली आहे, तीही आणतो.

आपला,
तळमजल्यावरचा