दोघांना समोरासमोर बसवू नका

ठाणे,
मंगळवार

ती. सौ. आई आणि ती. बाबांना सा. न.

आपल्या वरच्या खोलीतला भाडेकरू बायकोला त्रास देतो, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. "रविवारी दोघांना खाली बोलावतो, चार शब्द सांगतो, नाही ऐकलं तर खोली खाली करायला लावतो," असं बाबा म्हणाले आणि मी घाईघाईने थांबवलं. या दोन्ही गोष्टी करायच्या नाहीत. का, आणि त्याऐवजी काय करायचं, हे फोनवर सांगून लक्षात राहणार नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. तिचं नाव मी यात कुठेही लिहीत नाही. तुम्हीही ते व्हॉट्सॲपवर लिहू नका, शेजाऱ्यांसमोर घेऊ नका.

आधी बोलावून समजावण्याचं. बाबा, तो येईल, खाली मान घालून बसेल, तुमच्या पायाही पडेल. पण जिना चढताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असेल, की हिने बाहेर सांगितलं. त्याची वसुली दार बंद झाल्यावर होते. शिवाय त्याच्यासमोर ती खरं बोलूच शकत नाही. "काही नाही काका, माझीच चूक होती," असं म्हणून मोकळी होईल. मग तेच वाक्य पुढे तिच्याविरुद्ध वापरलं जातं. "चारचौघांत तू स्वतःच कबूल केलं होतंस ना?" आमच्याकडे समुपदेशनातसुद्धा पहिल्यांदा बाईशी एकटीशी बोलतात. त्याच्याशी बोलायचं की नाही, कधी आणि कुणी, हे ती ठरवते.

खोली खाली करून घेणं तर त्याहून वाईट. तुमच्याकडे निदान खाली दोन माणसं आहेत, आवाज ऐकू येतो. उद्या तो तिला गावाबाहेर, जिथे शेजार नाही अशा जागी नेईल. आणि कायद्याच्या दृष्टीनेही ही खोली तिच्यासाठी मोलाची आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम हा कायदा 2005 चा, तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात भाड्याचं घरसुद्धा तिचं 'सामायिक घर' धरलं जातं, भाडेकरार एकट्या नवऱ्याच्या नावावर असला तरी. न्यायालय त्याला तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतं, त्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं, किंवा दुसऱ्या जागेचं भाडं भरायला लावू शकतं. तेव्हा भाडेकराराची प्रत नीट जपून ठेवा, भाड्याची पावती दर महिन्याला द्या. ती तिथे राहत होती याचा तो कागदी पुरावा आहे. आणि त्याने स्वतःहून खोली सोडतो म्हटलं, तर ते तिच्या कानावर आधी गेलं पाहिजे.

आई, तू म्हणालीस, "संसारात भांड्याला भांडं लागायचंच." लागतं, पण तेव्हा दोन्ही भांडी वाजतात. इथे बघायचं ते एवढंच की घाबरतं कोण. त्याची गाडी फाटकाशी आली की ती बोलता बोलता गप्प होते, मुलगा पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसतो, हे तूच सांगितलंस. भांडणात दोघं चिडतात. इथे एकजण चिडतो आणि बाकीचे त्याच्या मूडवर जगतात. शिवाय मारहाण नसली तरी कायद्यात हे बसतं. शिव्या, अपमान, माहेरी जाऊ न देणं, तिचा पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, तिच्या मनाविरुद्ध शरीरसंबंध, हे सगळं हिंसाचाराच्या व्याख्येत आहे.

ती काही बोलत नाही म्हणजे ठीक आहे, असं समजू नकोस. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. पण हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त 14 टक्क्यांनी. म्हणून विचारावं आपणच लागतं. तो कामावर असताना, एकटी असताना, मुलं समोर नसताना. निवडायला भाजी घेऊन बस, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवून बोलावं लागत नाही. "तुला घरी भीती वाटते का गं?" एवढाच प्रश्न पुरे. ती नाही म्हणाली तर ओढून काढू नकोस. "कधी वाटलं तर मी आहे, रात्री दोनला सुद्धा दार वाजव," असं म्हण आणि विषय सोड. पुष्कळदा बाई तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलते.

बोलली तर मधे तोडू नकोस. "तू काय बोललीस त्याला?", "दारू पितो का?", "मुलांकडे बघून ने निभावून" ही तीन वाक्यं चुकूनही नकोत. पहिल्यात दोष तिच्यावर जातो, दुसऱ्यात दारूवर, आणि तिसऱ्यात दारच बंद होतं. (दारू सुटली म्हणजे मारहाण सुटते असं नाही. तो साहेबासमोर पिऊन हात उचलत नाही, हे लक्षात घे.) तिच्यावर विश्वास आहे आणि यात तिची चूक नाही, हे स्पष्ट शब्दांत सांग. मग विचार, "तुला काय हवंय?" बहुतेक जणींना तुरुंग नको असतो, घटस्फोटही नको असतो. मार थांबायला हवा असतो. 2005 चा कायदा नेमका त्यासाठी आहे, म्हणून तो मी पुढे सविस्तर लिहिते.

पण काही गोष्टी ती सहज बोलून गेली तरी कान टवकार. गळा दाबला होता का, मारून टाकीन म्हणतो का, सुरा-विळी कधी हातात घेतली का, दिवस गेलेले असताना मारलं का, अलीकडे मार वाढलाय का, आणि ती स्वतः जीव द्यायची भाषा करते का. यातलं एकही 'हो' असेल तर वाट बघत बसायचं नाही. त्यातही गळा दाबणं सगळ्यात वाईट. बाहेरून वळही दिसत नाही, पण आतली सूज पुढच्या काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशीही वाढते. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, कपड्यात लघवी होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी सिव्हिलला न्यायचं. आणि धोका सगळ्यात वाढतो तो ती घर सोडायला निघते तेव्हा, म्हणून ते पाऊल तयारीनिशी, त्याला कळू न देता.

आता आवाज चालू असताना काय करायचं. बाबा, तुम्ही एकट्याने वर जाऊ नका, तुमचं बीपी आणि गुडघे बघता मुळीच नको. नुसता आरडाओरडा असेल तर दोघं मिळून जा, बेल वाजवा आणि काहीतरी क्षुल्लक मागा. पाण्याची टाकी भरली का, मोटर बंद करायची आहे, एवढंच. "काय चाललंय?" असं विचारायचं नाही. त्या दोन मिनिटांत हात थांबतो, पुष्कळदा तेवढ्यात राग ओसरतो. पण किंचाळणं, मदतीची हाक, शस्त्र, किंवा एकदम झालेली शांतता असेल, तर वर न जाता खालूनच 112 ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या मदतीला, फोन करा. आधी पत्ता आणि जवळची खूण सांगा, कारण फोन कट झाला तरी तेवढं पोचलं पाहिजे. मग मजला, "आत्ता मारहाण चालू आहे", घरात लहान मूल आहे, हातात काही आहे का. आपलं नाव त्याला सांगू नका असं स्पष्ट म्हणा. मुलाला खाली यायची सवय लावून ठेव, आई. वर गडबड झाली की त्याने मधे पडायचं नाही, सरळ तुझ्याकडे यायचं, एवढं त्याला आधीच सांगितलेलं बरं.

मार लागला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना, कितीही किरकोळ वाटलं तरी. इथे नेहमीची चूक एकच. डॉक्टरांसमोर ती "जिन्यावरून पडले" म्हणते, ते केसपेपरवर उतरतं आणि वर्षभराने कोर्टात तोच कागद तिच्या विरोधात जातो. "नवऱ्याने, अमुक वस्तूने, इतक्या वाजता" असं तिने सांगायचं आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवायला म्हणायचं. कागदाची प्रत घ्यायची. फोटो तुझ्या फोनवर काढ, तिच्या नको. एक चेहऱ्यासकट, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो. दोन-तीन दिवसांनी परत काढ, कारण काळंनिळं तेव्हा जास्त दिसतं. रक्ताचे किंवा फाटलेले कपडे न धुता, वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

बाबा, तुमची हिशोबाची डायरी इथे फार कामाची आहे. तारीख, वेळ, काय ऐकू आलं ते शब्द जसेच्या तसे, किती वेळ चाललं, दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर काय दिसलं. अंदाज लिहू नका. "दारूच्या नशेत असावा" नको, "बोलताना जीभ अडखळत होती" चालेल. त्याच दिवशी लिहिलेल्या नोंदीला वजन असतं.

कायद्याचं. सासरच्या छळाचं कलम 498अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 झालंय, 1 जुलै 2024 पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्याखाली पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा तर तक्रार तिची स्वतःची किंवा तिच्या नात्यातल्या कुणाची लागते. तुम्ही घरमालक म्हणून ती देऊ शकत नाही. पोलीस बऱ्याचदा नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात. हरकत नाही, एनसीची प्रत जपायची, ती तारखेचा पुरावा असते. तुम्हाला मोकळा आहे तो 2005 च्या कायद्याचा मार्ग. त्याच्या कलम 4 नुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी म्हणजे महिला व बालविकास विभागाचे अधिकारी. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारलं की आपल्या तालुक्याचे कोण ते सांगतात. पण ती तयार असेल तेव्हाच कळवा. जिवाचा धोका असेल तर मात्र तिच्या होकाराची वाट बघायची नाही.

संरक्षण अधिकारी तिचा कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतात. त्याला पैसे लागत नाहीत. तो दंडाधिकाऱ्याकडे जातो, प्रत पोलीस ठाण्याला. त्यासोबत किंवा थेटही ती अर्ज करू शकते. मारहाणीला मनाई, घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलाचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, असं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, तो नोटीस घ्यायचं टाळतो, महिने जातात. म्हणून पहिल्याच तारखेला अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागायचा, तो त्याच्या गैरहजेरीतही मिळू शकतो. आदेश मोडला की एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत तिला फुकट मिळते. एक पर्समध्ये, एक तुझ्या कपाटात. वकिलाची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा क्रमांक 15100. एका रात्रीत निघावं लागलं तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन. ते सखी वन स्टॉप सेंटरची व्यवस्था सांगतात. तिथे काही दिवस राहण्याची सोय होते आणि डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक यांची मदत मिळते.

फोन मात्र नेहमी तुझा वापरायला दे, आई. तिच्या फोनचं व्हॉट्सॲप तो दुसरीकडे जोडून बघत असेल, गुगल खातं त्याच्याच हातात असेल, बँकेचा मेसेजही त्याला जात असेल. तुझ्या फोनमध्ये 181 नंबर 'गॅस सिलिंडर' म्हणून साठव.

कागदांची एक पिशवी तुझ्या पोलादी कपाटात खालच्या कप्प्यात असू दे. तिने एकदम सगळं आणायचं नाही, त्याला रिकामी जागा दिसते. आधी झेरॉक्स, मग एकेक मूळ कागद. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), मुलाचा जन्मदाखला, तिचं पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, जमलं तर त्याच्या पगाराच्या पावतीचा फोटो, कारण पोटगीच्या वेळी तो उत्पन्न लपवतो. रोज लागणारी औषधं, एक जोड कपडे, थोडे पैसे सुट्या नोटांत, आणि खोलीची जादा किल्ली.

आणि एवढं करूनही ती एक दिवस म्हणेल, "काकू, तो आता सुधारलाय, मला काही करायचं नाही." तेव्हा रागावू नकोस. पैसा, मूल, माहेरचं "आता तेच तुझं घर", आणि त्याच्याविषयीची खरीखुरी माया, या सगळ्यांमधून बाई निघते तेव्हा ती पुढे जाते, मागे येते, परत पुढे जाते. तू जर म्हणालीस, "मग मला का सांगितलंस?" तर पुढच्या वेळी ती दार वाजवणार नाही. पिशवी काढून टाकू नकोस, डायरी थांबवू नका बाबा, आणि तिच्याकडची भाजीची वाटी जशी जाते-येते तशी येऊ-जाऊ दे.

हे पत्र वाचून झालं की फोनच्या टेबलावर ठेवू नका, तो भाडं द्यायला तिथेच उभा राहतो. कपाटातल्या पिशवीत टाका. रविवारचं बोलावणं रद्द केलंत का, तेवढं मात्र उद्या सकाळी फोन करून कळवा.

तुमची,
मंजू