आभार, एका पानाबद्दल

ऑर्केस्ट्राच्या प्रिय लायब्ररियन बाई,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत मेलवर तीनदा आभार मानले, पण समाधान होईना.

ऑर्केस्ट्रासाठी नवी रचना लिहायचं ‘कमिशन मिळालं’ म्हटल्यावर आमच्या बाबांनी ‘किती टक्के?’ असं विचारलं होतं. माझ्या डोक्यात मात्र हंगेरियन संगीतकार बार्टोकची गोष्ट. 1943 साली तो न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात पडून होता. बोस्टन सिंफनीचा कंडक्टर कुसेवित्स्की स्वतः भेटायला गेला, हजार डॉलरचं काम सांगितलं आणि निम्मे पैसे आगाऊ ठेवून आला. त्यातून ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ झाला. मला भेटलेल्या पहिल्या वाद्यवृंदाने सांगितलं, दहा मिनिटांच्या वर नको आणि जरा ‘इंडियन’ वाटू दे. पैसे अकरा महिन्यांनी आले. ‘वर्ल्ड प्रीमियर’ ठळक छापायची हौस सगळ्यांना, तीच रचना दुसऱ्यांदा वाजवायची कुणालाच नाही. माझे पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी वेगळे लिहिलेले सुरांचे कागद, अजून तिथल्या कपाटात असतील.

म्हणून तुमच्या ऑर्केस्ट्राकडे येताना फार आशा नव्हती. रविवारी रात्री तुमचा फोन आला, तेव्हा वाटलं, झालं, रद्द. तुम्ही विचारलंत, ‘व्हायोलाच्या चौथ्या पानावर तो लांब सूर आहे ना, तो किती हळू हवाय?’

तो तोडी रागातला गंधार, व्हायोलिनची थोरली बहीण असलेल्या व्हायोलावर. नेहमीच्या कोमलहूनही खाली, जेमतेम ऐकू येईल असा. माझ्या पार्टमध्ये पान उलटायची जागा नेमकी त्याच्या मधोमध आली होती. एका स्टँडवर दोघं वाजवतात, पान आतला उलटतो. म्हणजे ऐन गंधारावर निम्म्या व्हायोला गप्प आणि वर कागदांची सळसळ. हे मला दिसलं नव्हतं, कंडक्टरलाही नाही. तुम्ही रात्रीत सगळे व्हायोला पार्ट्स नव्याने मांडलेत, उलटायची जागा आधीच्या विरामात नेलीत. सकाळी रिहर्सलला पार्ट्स स्टँडवर होते. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नावही नव्हतं.

चांगुलपणा बहुधा असाच असतो, मागच्या दारानं येऊन काम उरकून जाणारा. आमच्या लग्नघरात अशी एक काकू असतेच. फोटोत कुठे नसते, पण तिच्यावाचून पंगत उठत नाही.

त्या संध्याकाळी गंधार अखंड लागला. मी रडले, ते लोकांना संगीतामुळे वाटलं.

हल्ली पार्ट्स करताना मी सुरांच्या आधी उजव्या पानाचा तळ बघते.

तुमची,
कोल्हापूरची संगीतकार