केंब्रिजच्या काचा उतरवणाऱ्या हातांना

किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधल्या रंगीत काचा दुसऱ्या महायुद्धात उतरवून ठेवणाऱ्या आणि युद्धानंतर पुन्हा चढवणाऱ्या कारागिरांनो,

सप्रेम नमस्कार.

त्या चॅपलचं कौतुक करताना लोक राजांची नावं घेतात, जॉन वॅस्टेलच्या दगडी पंखाकृती छताबद्दल बोलतात. तुमचं नाव सहसा कोणी काढत नाही. म्हणून हे जाहीर आभार.

चॅपलला २६ मोठ्या खिडक्या. पश्चिमेची १८७९ सालची, बाकीच्यांतली काच १५१५ ते १५३१ या काळात बार्नर्ड फ्लॉवर, गॅलियन होन आणि त्यांच्या जोडीदारांनी घडवलेली. १६४०च्या दशकातल्या यादवीत सैनिक याच चॅपलमध्ये कवायत करत होते, तरी या काचा शाबूत राहिल्या. विमानातून पडणाऱ्या बॉम्बपुढे मात्र नशिबावर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. स्फोटाचा दाब आला की पॅनल, म्हणजे शिशाच्या पट्ट्यांत काचेचे तुकडे जोडून केलेला खिडकीचा एक भाग, फुगतं, शिशाच्या पट्ट्या डाखाच्या सांध्याशी तुटतात आणि काच निखळून फरशीवर येते.

उतरवण्याचं काम किती जिकिरीचं असतं हे आम्ही जाणतो. आधी परांची. मग प्रत्येक पॅनलला नंबर: खिडकी कोणती, उभा गाळा कितवा, खालून कितवं. शिवाय आतली बाजू कोणती याची खूण. रंगकाम आतल्या बाजूला असतं. पॅनल उलटं बसलं तर पाऊस थेट चेहऱ्यांवर. त्यानंतर आडव्या लोखंडी सळयांना बांधलेल्या तांब्याच्या तारा कापायच्या आणि दगडाच्या खाचेतला चुना बारीक छिन्नीने, काचेपासून दूर जोर देत, कोरून काढायचा. घाई इथेच नडते. छिन्नी घसरली की कडेची काच टवका देते.

पॅनल सुटलं की ते आडवं धरायचं नाही. आडवं धरलं की स्वतःच्याच वजनाने मध्ये झोळ पडतो, शिसं कायमचं वाकतं आणि काच एकमेकींवर दाबली जाऊन तडकते. उभंच, फळीला टेकवून, दोघांनी खाली न्यायचं, पेटीतही उभंच ठेवायचं. पेटीत ओलं गवत किंवा कागद राहिला तर ओल काचेचा पृष्ठभाग खाते. धूळ दिसली तरी ओल्या फडक्याने पुसायची नाही, कारण भट्टीत नीट न भाजलेला रंग फडक्याबरोबर निघून येतो आणि डोळे-नाक नसलेला चेहरा उरतो. फक्त कोरडा, मऊ ब्रश. तुमच्या हातून गेलेल्या काचेत ते बारीक काळे-तपकिरी रेघांचे चेहरे आजही आहेत. खिडक्यांत रंगवलेल्या मेसेंजरांच्या, म्हणजे निरोप्यांच्या, हातातल्या पट्ट्यांवरची अक्षरंही वाचता येतात. आभार मुख्यतः त्याचे.

रिकाम्या खिडक्यांवर डांबरी कागद चढला. चॅपलमध्ये ऊब नाही, उजेड नाही, तरी १९२८ पासून प्रसारित होणारी नाताळची कॅरल-सेवा युद्धातही बीबीसीवरून ऐकू येत राहिली. सुरक्षेसाठी किंग्जचं नाव तेवढं घेतलं जात नसे.

छपरावर पहारा करणाऱ्यांचेही आभार मानलेच पाहिजेत. दगडी छताच्या वर तिथे लाकडी छप्पर आहे, त्यावर शिशाचे पत्रे. मॅग्नेशियमचा एक किलोचा आगलावा बॉम्ब पत्रा फोडून लाकडांत अडकला, तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि शिसं ३२७ अंशांनाच वितळतं. आग विझवायच्या हातपंपाला तिघं लागतात: एक नळीवर, एक पंपावर, एक बादल्या आणायला. जळत्या मॅग्नेशियमवर पाण्याची सरळ धार मारली तर ते उडून पसरतं. म्हणून बॉम्बवर फवारा, आजूबाजूच्या लाकडांवर धार. नोव्हेंबर १९४० मध्ये कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलचं छप्पर असल्याच बॉम्बांनी जळून गेलं, त्यामुळे धोका काल्पनिक नव्हता.

युद्धानंतरची चढाई आम्हाला अधिक अवघड वाटते. त्यात कौतुक कमी आणि कंटाळा जास्त. युद्ध संपल्यावर काचा जागेवर बसवायला काही वर्षं गेली. शिसं बदलायचं की जुनंच राखायचं, तडा सांधायला नवी पट्टी घालायची की चित्र मोकळं ठेवायचं, हे प्रत्येक पॅनलपाशी नव्याने ठरवावं लागतं. मग जवसाचं तेल आणि खडूची पूड कालवून लुकण शिशाच्या कडेखाली दाबून भरायचं, नाहीतर पॅनल वाऱ्याने खुळखुळतं आणि पाणी आत येतं. खाचेत पुन्हा चुनाच. सिमेंट वापरलं तर पुढच्या वेळी काच सोडवताना फुटते किंवा दगडच निघून येतो.

मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये किंवा विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमध्ये रंगीत काच राखायची म्हटली की प्रश्न हेच येतात, फक्त खारी हवा जास्तीची. सळई गंजून फुगते आणि दगड फोडते. १९६३ मध्ये जयंत नारळीकर किंग्जचे फेलो झाले, तोवर तुमचं काम तिथे कधीच पूर्ण झालेलं होतं. तिथे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: दुर्बीण न्या, आणि चित्रांइतकंच त्यांच्यामधल्या शिशाकडेही बघा.

आपले ऋणी,
मुंबईतले काचकाम करणारे काही जण