बाजरीच्या खताचा आकडा वाणासकट छापा

मा. संपादक,

बाजरीला हेक्टरी नत्र (नायट्रोजन) किती, स्फुरद (फॉस्फरस) किती, हे आकडे शेतीच्या पानावर नेहमी येतात. ते कोणत्या वाणासाठी, हे क्वचितच लिहिलेले असते. वाण माहीत नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

उंच, उशिरा पिकणाऱ्या गावरान वाणाला नत्र वाढवले की सरमाड (ताटांचा चारा) वाढते, आणि दाणा भरताना वारा-पाऊस आला तर पीक लोळते. ठेंगण्या संकरित वाणात तेच नत्र फुटव्यांत आणि कणसांत उतरते. मात्र हाच संकरित वाण हलक्या जमिनीत बिनखताचा पेरला, तर गावरानावरची त्याची आघाडी बरीच घटते.

खत देण्याची वेळही वाणावरच ठरते. पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताट बुडाजवळ उभे चिरून पाहावे; पोंग्यात, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, दडलेले इवलेसे कणीस दिसते. दाण्यांची संख्या याच सुमारास ठरते. म्हणून नत्राचा दुसरा हप्ता लवकर येणाऱ्या वाणाला 20 ते 25 दिवसांत द्यावा, उशिराच्या वाणाला 30 दिवसांपर्यंत चालतो. कणीस बाहेर पडल्यावर टाकलेल्या युरियाने पाला हिरवा राहतो, दाणे वाढत नाहीत. जमिनीत ओल नसेल तर हप्ता थांबवावा; कोरड्यावर पसरलेल्या युरियातला बराच नत्र पुढे अमोनिया होऊन उडून जाऊ शकतो.

स्फुरदाकडे फार दुर्लक्ष होते, याची खंत वाटते. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलत नाही, मुळाजवळ असेल तरच मिळते. आफ्रिकेतल्या नायजरच्या वालुकामय जमिनीत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेने बाजरीच्या प्रत्येक ठोंब्याला 2 ग्रॅम डीएपी (स्फुरद आणि नत्र असलेले खत) देण्याची पद्धत रुजवली. हेक्टरी 10,000 ठोंबे धरले तर अवघे 20 किलो. पेरून द्यायचे असेल तर दोन चाड्यांची पाभर, म्हणजे बी आणि खत वेगवेगळे सोडणारे पेरणीचे अवजार, वापरावी. युरिया बियाण्याला भिडू देऊ नये, उगवण मार खाते.

रोगापुढे मात्र खताचे काही चालत नाही. 1965 साली एचबी-1 हा भारतातला बाजरीचा पहिला संकरित वाण आला, उत्पादन वाढले. पुढे सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने त्या पिढीचे संकरित वाण झोपवले. कणसाच्या जागी पानांचा झुपका येतो, तिथे युरियाची गोणी काय करणार? वाण निवडताना रोगप्रतिकारशक्ती आधी पाहावी. संकरित वाणाचे घरचे बी पुन्हा पेरले की झाडांची उंची आणि पक्वता एकसारखी राहत नाही. एकीकडे कणीस निसवते (बाहेर पडते), दुसरीकडे पोंगाच असतो, मग खताचा हप्ता कोणाला धरून द्यायचा?

खात्री आपल्याच शेतात करता येते. एकाच जमिनीत, एकाच दिवशी चार पट्टे पेरावेत: जुना वाण खतासह आणि खताविना, नवा वाणही तसाच. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यातून 10 चौरस मीटरची कणसे काढून, मळून, दाणे चांगले वाळवून तोलावेत. जितके ग्रॅम भरतील, तितके किलो हेक्टरी उत्पादन.

आपला,
कृषिविद्येचा एक अभ्यासक