बुळकांडीच्या वह्या

ग्रंथपाल मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाबद्दल बाबांनी लिहिलेल्या अकरा वह्या परवा घरी पोचल्या. सुती कापडात बांधलेल्या. आईनं अजून गाठ सोडलेली नाही, नुसता हात फिरवत बसते.

बाबा माणदेशात पशुधन पर्यवेक्षक होते. डॉक्टर नव्हेत. हे मुद्दाम लिहितो, कारण वह्या जिथं जिथं नेल्या तिथं पहिला प्रश्न तोच आला. एका मोठ्या ग्रंथालयात म्हणाले, "छापलेलं काही असेल तर आणा." दुसरीकडे दीड वर्ष ठेवून घेतल्या आणि मागायला गेलो तेव्हा कपाटामागून काढून दिल्या. वह्या मुळात तेरा होत्या. दोन वाळवीनं खाल्ल्या.

तुमचं ग्रंथालय आणि आमच्या तालुक्याचं वाचनालय यांनी मिळून स्कॅनिंग कसं जमवलं, त्यात मी शिरत नाही. मला आठवतो तो तुमचा रात्री साडेनवाचा फोन. "इथं 'कोंडा' लिहिलंय. हा खुराकातला कोंडा की दुसरं काही?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, बुळकांडीत जनावराच्या तोंडात कोंडा भुरभुरावा तसा थर धरतो, तो. तुम्ही तिचं वाक्य जसंच्या तसं सूचीत घातलंत, आणि माहिती सांगणार म्हणून खाली तिचं नाव. बाबांच्या नोकरीभर कंदिलाच्या काचा पुसणाऱ्या बाईचं नाव, मॅडम! त्या रात्री ती झोपली नाही.

बुळकांडी भारतातून गेल्याचं २००६ साली जाहीर झालं, जगातून २०११ साली. आता ती कुठल्याच विद्यार्थ्याला पाहायला मिळणार नाही, मिळूही नये. म्हणून तर ज्यांनी पाहिली त्यांचं लिहिलेलं राहायला हवं. सरकारी अहवालात गावाला एक ओळ: इतकी जनावरं टोचली. लस थंड ठेवायचा थर्मासमधला बर्फ कुठल्या ओढ्यापाशी संपला, टोचल्यावर कुणाच्या खिलारानं दोन दिवस वैरण सोडली, हे बाबांच्या वहीतच. 'कृषिकोश' या शेतकी विद्यापीठांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध मिळतात, चांगलंच आहे. पण प्रबंध पदवीसाठी लिहितात. बाबा रोज रात्री जेवणाआधी लिहीत.

माणूस कसा आहे ते मला हल्ली तो वस्तू परत कशी देतो यावरून कळतं.

वाळवीच्या त्या दोन वह्यांचं तुम्ही विचारलं होतंत, "तुकडे टाकून तर नाही ना दिलेत?" नाही दिले. बिस्किटांच्या डब्यात आहेत. सोमवारी घेऊन येतो. आईही येते म्हणतेय.

आपला नम्र,
पर्यवेक्षकांचा धाकटा